घरच्या घरीं कॉफी भाजण्याचा धंदा



कॉफीला आपल्या जुन्या मराठींत 'बुंद' असा एक शब्द होता. आतां तो कोशांतच उरला आहे, आणि तें साहजिकही आहे. महाराष्ट्रीय घरांत चहा हा घरचा, कॉफी ही पाहुणी. जायफळ घालून, दाट दुधांत, थंडीच्या रात्रीं किंवा जागरणाच्या प्रसंगीं ती यावयाची. परंतु अलीकडे शहरांतील पुष्कळ कुटुंबांत कॉफीचे दाणे आणून, ते ताजे दळून पिण्याची आवड वाढत आहे; आणि त्याबरोबरच 'ही कॉफी आपणच घरीं भाजून कां विकूं नये?' असा विचार कांहीं उद्योगी माणसांच्या मनांत येऊं लागला आहे. त्या विचाराचा आज हिशेब मांडावयाचा आहे.

हिशेब हा शब्द मीं जाणूनबुजून योजला. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीची कचेरी बंद पडली. हातीं भविष्यनिर्वाह निधीची रक्कम आली. घरांत वृद्ध सासूबाई, मुलगा कॉलेजांत. ती रक्कम गेली तर तिच्या मागें दुसरी नाहीं. "सर, दोन लाखांचें भाजण्याचें यंत्र घ्यावें म्हणतें," असें ती म्हणाली. मीं तिच्यापुढें कागद व पेन्सिल ठेवली. तो हिशेब पुढें येईलच. परंतु आधीं भाजणें म्हणजे काय तें पाहूं.

कच्चा दाणा हिरवट, कठीण आणि जवळजवळ निर्गंध असतो. त्यांत दहा ते बारा टक्के पाणी असतें. तापूं लागला म्हणजे तो प्रथम पिवळा पडतो व वाळल्या गवताचा वास येतो. मग तांबूस होतो व भाजल्या पावासारखा दरवळ सुटतो. सुमारें २०० अंश सेल्सिअसच्या आसपास दाणे तडतडूं लागतात, अगदीं लाह्या फुटाव्या तसे. हा पहिला तडका. येथें थांबलें तर दाण्याचा मूळचा सुवास व किंचित् आंबटपणा राहतो. पुढें नेलें तर दुसरा, अधिक बारीक तडका येतो, दाण्यावर तेल दिसूं लागतें, आणि कॉफी कडवट व दाट होते. या दोन तडक्यांमधील दोन-चार मिनिटें हाच या धंद्याचा सारा जीव आहे. ज्याचे कान व नाक त्या वेळीं दुसरीकडे आहेत, त्यानें कढईला हात लावूं नये. दूरध्वनि वाजला तरी वाजूं द्यावा!

भाजून होतांच दाणे ताबडतोब निववावे लागतात, नाहीं तर ते स्वतःच्याच उष्णतेनें आंतून शिजत राहतात. यासाठीं आपल्या घरचें सूप उत्तम. पसरलें, पाखडलें, कीं दाणेही निवतात व वरचीं पातळ फोलपटेंही उडून जातात. हीं फोलपटें चटकन् पेट घेतात, हें मात्र विसरूं नये. ताज्या भाजलेल्या दाण्यांतून कांहीं दिवस कर्बवायु निघत असतो. म्हणून पुडी वायु बाहेर सोडणारी पण हवा आंत न घेणारी असावी, आणि कॉफी दोन-चार दिवसांनीं प्यावी.

आतां कागदावरचें गणित. समजा, कच्चा माल ६०० रुपये किलो दरानें आठवड्याला १० किलो घेतला. झाले ६,००० रुपये. भाजतांना पाणी व फोलपटें गेल्यानें वजन शेंकडा १६ घटलें असें धरूं. राहिली ८ किलो ४०० ग्रॅम. त्यांतून पाव किलोच्या ३३ पुड्या होतील व दीडशें ग्रॅम चाखण्यास उरेल. पुडी व चिठ्ठी प्रत्येकीं २० रुपये, म्हणजे ६६०. इंधन व किरकोळ ५४०. एकूण खर्च ७,२०० रुपये. पुडी ३५० रुपयांस विकली तर ११,५५० रुपये येतात, शिल्लक ४,३५०. दोन लाखांचें यंत्र ४६ आठवड्यांत फिटलें! येथपर्यंत सर्वांचेच डोळे चमकतात.

पण ३३ पैकीं आठ पुड्या खपल्या नाहींत तर? भाजलेली कॉफी म्हणजे कांहीं तांदूळ नव्हे, कीं जुनी झाल्यानें किंमत वाढावी. एक-दीड महिन्यांत तिचा सुवास उतरतो. त्या आठ पुड्यांचे २,८०० रुपये वजा झाले, कीं शिल्लक १,५५०, आणि यंत्र फिटावयास १२९ आठवडे, म्हणजे जवळजवळ अडीच वर्षें. यांत तिची स्वतःची मजुरी अद्याप धरलेलीच नाहीं. बाई बराच वेळ त्या आंकड्याकडे पाहत राहिली. मग तिनें यंत्राचा बेत पुढें ढकलला, आणि लोखंडी कढई व लाकडी उलथणें घेऊन एका वेळीं पाव किलो भाजण्यास आरंभ केला. माझ्या मतें तोच मार्ग योग्य. वीस ओळखीच्या घरांनीं तीन महिने पैसे देऊन तीच कॉफी पुन्हा मागितली, तर यंत्राचा विचार करावा. फुकट चाखून वाहवा करणाऱ्यांची मोजदाद करूं नये.

कच्च्या मालाविषयीं. बाबा बुदन यांनीं सतराव्या शतकांत मोखाहून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरांत लावल्या अशी परंपरागत कथा आहे. आजही देशांतील बहुतेक कॉफी कर्नाटकांतच पिकते, त्याखालोखाल केरळ व तामिळनाडूंत. आपल्याकडे विदर्भांत चिखलदऱ्याला थोडी लागवड आहे. पूर्वीं मळेवाल्यांना आपलें पीक कॉफी बोर्डाच्या स्वाधीन करावें लागे. १९९० नंतरच्या दशकांत तें बंधन टप्प्याटप्प्यानें उठलें, म्हणून आज लहान गिऱ्हाइकालाही मळ्यांतून थेट माल मागवितां येतो. मात्र भाव आपल्या हातीं नाहीं. ब्राझीलमधील अवर्षणानंतर २०२५ च्या फेब्रुवारींत न्यूयॉर्कच्या बाजारांत अरेबिकाचा भाव पौंडाला चार डॉलरांवर गेला होता. ब्राझीलचा पाऊस आणि सदाशिव पेठेंतील पुडी यांचें नातें असें आहे. माल आल्यावर तो ताटांत घेऊन तांदळासारखा निवडावा. काळे, फुटके, किडीनें पोखरलेले दाणे काढून टाकावेत.

शेजाऱ्यांचाही विचार हवा. पहिल्या दिवशीं सुवासाची स्तुति होते. चौथ्या दिवशीं धुराची तक्रार. दुसऱ्या तडक्यापर्यंत भाजावयाचें तर धूर भरपूर होतो, आणि दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत तो सासूबाईंच्या खोकल्याला पोषकच ठरावयाचा. गच्ची मिळाल्यास उत्तम, तीही संस्थेच्या परवानगीनें. ज्यांना शास्त्रशुद्ध शिकावयाचें असेल, त्यांच्यासाठीं कॉफी बोर्ड बंगळूर येथें 'कापी शास्त्र' नांवाचे शिक्षणवर्ग चालवितें.

विक्री करावयाची म्हणजे २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याखालीं नोंदणी करणें आलें, घरगुती धंदा असला तरी. चिकोरी मिसळावयाची असल्यास मिश्रणांत कॉफी निदान ५१ टक्के असली पाहिजे व प्रमाण पुडीवर छापलें पाहिजे. चिकोरीला मी वाईट म्हणत नाहीं. गाळलेल्या कॉफीला तिनें दाटपणा येतो. पण ती न सांगतां घालणें म्हणजे दुधांत पाणी घालणेंच होय.

एक शेवटची सूचना पावसाळ्याची. मलबार किनाऱ्यावर कच्चे दाणे मुद्दाम पावसाळी हवेंत फुगवून एक खास कॉफी करतात, आणि तिला परदेशांत मान आहे. मुंबई-पुण्याच्या घरांत पोतें भिंतीला टेकून ठेवल्यानें मात्र ती होत नाहीं, बुरशी होते. जून लागण्यापूर्वीं माल थोडाच घ्यावा, फळीवर ठेवावा, आणि पुडीवर भाजल्याची तारीख स्वच्छ अक्षरांत लिहावी.