खाडीच्या पाण्याची परीक्षा
(मंडळाच्या वर्धापनदिनी वाचलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, हे तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. तेव्हा शाळेच्या मुलांना पाण्याची परीक्षा कशी शिकवली, ह्यावर मी बोलावे असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मला आधी हसूच आले. मग रात्री दिव्याखाली बसून आठवेल तसे लिहून काढले. तेच वाचते. चुकलेमाकले सांभाळून घ्या.

२०१९ साली केंद्र सरकारने जल जीवन मिशन सुरू केले. त्यात गावोगावच्या पाच-पाच बायकांना पिण्याचे पाणी तपासायला शिकवायचे असे ठरले होते. आपल्या गावात २०२२ साली चार नावे झाली, पाचवे मिळेना. मी दळण घेऊन पंचायतीवरून चालले होते, ती तिथेच सापडले! अशी मी परीक्षक झाले. एक पेटी मिळाली. तीत लहान लहान कुप्या, आणि रंगांचा एक छापील कागद. पाण्यात थेंब टाकायचे आणि आलेला रंग कागदाशी ताडून पाहायचा. हळदीला चुना लागला की ती लाल होते हे कोणत्या बाईला ठाऊक नाही? ही पेटी त्याच जातीची, म्हणून मला तिची भीती वाटली नाही.

पुढे शाळेच्या विज्ञानाच्या बाईंनी मला आठवीच्या वर्गात बोलावले. मी विहिरीचे पाणी तपासून दाखवले. मुले शांतपणे बघत होती. इतकी शांत, की त्यांना कंटाळा आला असणार. तेवढ्यात एक मुलगा उठून म्हणाला, "काकी, खाडीचं पाणी का नाही बघत?" त्याचे वडील होडीवर जातात. मलाही वाटले, का नाही?

पहिला दिवस पुरता फसला. पिण्याच्या पाण्यात क्लोराइड लिटरला २५० मिलिग्रॅमपर्यंत असावे असे मानतात, आणि समुद्राच्या पाण्यात ते १९,००० च्या घरात असते. पेटी गोड्या पाण्याची, आणि पाणी घेतलेले खाडीचे. मुले थेंब मोजत बसली, कुपी रिकामी झाली, तरी रंग बदलेना. ती कुपी पंचायतीची, मला पदरचे पैसे घालून भरून द्यावी लागली. पण खारे पाणी म्हणजे किती खारे, हे मुलांना त्या दिवशी जसे कळले तसे पुस्तकातून कळले नसते.

मग बाईंनी निराळी सामग्री जमवली. माझ्या घरचे एक जुने ताट घेऊन त्याच्या चार पावांना आलटून पालटून काळा-पांढरा रंग दिला, मध्ये भोक पाडून सुंभ बांधला, हाताहाताला गाठी मारल्या आणि खाली वजन लावले. ताट पाण्यात सोडायचे आणि कितव्या गाठीला ते दिसेनासे होते ते लिहायचे. पाणी किती गढूळ ते त्यावरून समजते. ही युक्ती सेक्की नावाच्या इटालियन धर्मगुरूने १८६५ साली समुद्रात करून पाहिली होती. आमच्या सासूबाई मात्र अजून विचारतात, ते ताट गेले कुठे?

सर्वांत गंमत प्राणवायूच्या परीक्षेची. माश्यांना पाण्यात विरलेला प्राणवायू लागतो. बाटली बुडबुडा न राहता तोंडोतोंड भरायची आणि औषधाचे थेंब सोडायचे. प्राणवायू असेल तर तपकिरी साका बसतो, नसेल तर पांढरा. पुढे आणखी दोन औषधे घालून आकडा काढतात. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो, आणि खारट असले तर त्याहून कमी. शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू सोडते, आणि रात्री पाण्यातले सगळेच जीव तो ओढतात. म्हणून पहाटे तो सर्वांत कमी असतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रमाणाप्रमाणे शिंपल्यांच्या पाण्यात तो लिटरला निदान ५ मिलिग्रॅम असावा.

ह्यावरून मुलांचे एकदा चांगलेच भांडण झाले. मुलींच्या तुकडीचा आकडा पाचाच्या वर, मुलांच्या तुकडीचा खाली, आणि जागा तीच, धक्क्याजवळची. "तुम्ही बुडबुडा ठेवलात", "तुम्ही थेंब जास्त टाकलेत", असे चालले. बाईंनी दोन्ही वह्या मागवल्या. मुलींनी दुपारी भरतीत पाणी भरले होते, मुलांनी सकाळी ओहोटीत. भरतीत समुद्राचे पाणी आत येते. ओहोटीत गावातून आलेले पाणी धक्क्यावरून जाते. दोघेही बरोबर होते. तेव्हापासून वहीत आकड्याच्या आधी तिथी, वेळ आणि भरती का ओहोटी हे लिहायचा नियम झाला.

आता मला अवघड वाटणारी गोष्ट सांगते.

पाण्यात मैला मिसळला आहे का, हे पाहण्याची एक बाटली असते. १९८२ साली आपल्याच देशातल्या तिघा शास्त्रज्ञांनी ही सोपी रीत प्रसिद्ध केली. बाटलीत औषध लावलेला कागद असतो. खुणेपर्यंत पाणी भरून बाटली एक-दोन दिवस उबेत ठेवायची. पाणी काळे झाले तर ते पिऊ नये. आम्ही धक्क्याजवळचे पाणी भरले आणि ते रात्रीत काळे झाले. मी घाबरले, कारण तिथेच आपल्या बायका मुळे आणि कालवे काढतात.

पण एक मुलगी म्हणाली, "काकी, खाडीचा चिखल तर मुळातच काळा असतो. त्याला सडक्या अंड्याचा वासही येतो." बाईंनी तिची पाठ थोपटली. बाटलीत जो वायू होऊन काळेपणा येतो, तोच वायू चिखलातले जंतूही करतात, मैला असो वा नसो. म्हणजे खाडीत ही बाटली एकटी पुरावा होत नाही. मग त्याच मुलीने सुचवले, की पऱ्याचे गोडे पाणी घेऊ: एक बाटली वर साकवाजवळ आणि एक खाली, पऱ्या खाडीला मिळतो त्याच्या जरा अलीकडे. मार्गशीर्ष होता, पऱ्या वाहत होता. दोन दिवसांनी साकवाची बाटली स्वच्छच राहिली. खालची पहिल्याच रात्री काळी झाली होती.

साकव आणि खाडी ह्यांच्यामध्ये सात घरे आहेत. त्यांतले एक माझे.

२०११ साली आम्ही घर बांधले तेव्हा संडासाच्या टाकीची सांडनळी पऱ्यात सोडली. मला ते ठाऊक होते. पाणी वाहून जाते, असे मी मनाला सांगत होते. मुलांनी वहीत सात घरांचा नकाशा काढला, पण कोणाचे नाव लिहिले नाही. नळी कुठे येते तेवढी बाणाने दाखवली. आमच्या घराचा बाण मीच काढला.

बाईंच्या ओळखीने धक्क्यावरचे पाणी बर्फात ठेवून एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत पाठवले. पोहण्याच्या पाण्यात मैल्याच्या जंतूंची मर्यादा १०० मिलिलिटरला १०० मानतात. आपले पाणी तिच्या पुष्कळ वर होते. शिंपला पाणी गाळून जगतो. मोठे कालव दिवसात कित्येक बादल्या पाणी गाळते, आणि पाण्यातले जंतू त्याच्या पोटात साठतात. शिंपले नुसते वाफेवर उघडून खाल्ले तर कावीळ किंवा विषमज्वर होऊ शकतो. उघडल्यावरही चांगले उकळावेत.

हे मी आळीत सांगितले आणि आठवड्यात बाजारात आपले मुळे कोणी घेईना. ज्या मावशी तीस वर्षे धक्क्याखाली मुळे काढून घर चालवतात, त्या माझ्या दारात येऊन म्हणाल्या, "काय गो, घाण तुझ्या घरची, आणि पाणी फिरलं ते माझ्या टोपलीवर!" मला उत्तर देता आले नाही. अजूनही नाही.

आमची नळी आम्ही बंद केली. शोषखड्डा वरच्या अंगाला, परसात खणला. खाली खणला असता तर भरतीचे पाणी लागले असते. त्यासाठी आमच्या ह्यांनी दोन माड तोडले, आणि ते महिनाभर माझ्याशी धड बोलले नाहीत. सातांपैकी चार घरांनी तसे केले. तिघांनी अजून केलेले नाही, त्यांच्याकडे जागाही नाही आणि पैसेही. त्यांतल्या दोघीजणी आज इथे बसल्या आहेत. त्यांना लाजवायला मी हे बोलत नाही, मी स्वतः अकरा वर्षे तशीच होते. मंडळाच्या भिशीतून त्यांच्या खड्ड्यांचे काही जमते का, ते आजच्या सभेत ठरवावे एवढी विनंती आहे.

खालची बाटली आता रात्रीत काळी होत नाही, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी होते. मावशी सध्या खाडीच्या तोंडाजवळच्या वाळूत जातात. तिथले पाणी मुलांनी तीनदा पाहिले, ते पुष्कळ बरे आहे. पण त्यांना अर्धा तास जास्त चालावे लागते आणि त्यांचे गुडघे दुखतात.

येत्या अमावास्येला सकाळी सहाच्या सुमारास ओहोटी पुरी होईल. मुले साडेपाचला धक्क्यावर येणार आहेत. सुंभाची गाठ मोजायला आणि वही धरायला दोघीतिघी लागतील. बाटल्या मी उकळून ठेवल्या आहेत.