आकडे कोणत्या दाराने द्यायचे?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



आजचा विषय ऐकून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. पर्जन्यमान, भूजल, समुद्राचे तापमान, उपग्रहांनी टिपलेली भूमीची चित्रे ही माहिती संगणकांच्या जाळ्यावरून कोणत्या संकेतांनी द्यावी, हे तंत्रज्ञांनी पाहावे. कार्यकर्त्यांनी त्यात का पडावे, असे कोणीही विचारील. माझे उत्तर असे की, सार्वजनिक पैशातून जमा झालेली माहिती कोणाच्या हाती पडते आणि कोण तिला मुकतो, हे पुष्कळदा या संकेतांवरच ठरते.

माहिती खुली करण्याचा झगडा जुना आहे. अमेरिकेच्या लँडसॅट मालिकेतील पहिला उपग्रह १९७२ साली अवकाशात गेला. १९८४ साली कायदा करून त्याच्या चित्रांचा व्यापार खाजगी कंपनीच्या हाती देण्यात आला आणि एकेका चित्राची किंमत ४,००० डॉलरांच्या वर गेली. विद्यापीठे आणि गरीब देशांतील अभ्यासक यांना ती परवडेनात. १९९२ साली कायदा बदलला आणि २००८ साली सारा संग्रह विनामूल्य करण्याचे जाहीर झाले. पूर्वी चांगल्या वर्षीही सुमारे २५,००० चित्रे विकली जात. त्यानंतर लवकरच वर्षाची उचल दहा लाखांपलीकडे गेली. आपल्याकडेही २०१२ साली केंद्र सरकारने सरकारी माहिती लोकांस खुली करण्याचे राष्ट्रीय धोरण स्वीकारले.

परंतु किंमत हटली म्हणजे वाट मोकळी झाली, असे नव्हे. आपल्या परिचयाचे उदाहरण घेऊ. भारतीय हवामान विभागाने पुण्याहून देशाच्या दैनंदिन पावसाची १९०१ पासूनची आकडेवारी पाव अंशाच्या चौकटींत मांडून वर्षवार फाइलींच्या रूपाने विनामूल्य दिली आहे. ही मोठी लोकसेवा आहे. आता माण किंवा आष्टी तालुक्यातील एका शिक्षकास आपल्या भागाचा १२० वर्षांचा पाऊस तपासायचा आहे, असे समजा. त्याला हव्या असतात एक-दोन चौकटी. देशाचा तक्ता १३५ गुणिले १२९, म्हणजे १७,४१५ चौकटींचा. एका वर्षाची फाइल सुमारे २५ मेगाबाइटची. १२० वर्षांच्या फाइली मिळून ३ गिगाबाइट. त्याच्या एका चौकटीचे आकडे मात्र १७५ किलोबाइटांतच मावतात. घागरभर पाण्यासाठी अख्खे धरण घरी आणावे, तसा हा प्रकार आहे.

याच अडचणीवर समुद्रशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात उपाय शोधला. ऱ्होड आयलंड विद्यापीठ आणि एमआयटी येथील मंडळींच्या त्या कामातून ओपेनडॅप हा संकेत उभा राहिला. फाइल दूरच्या संगणकावरच राहते. मागणाऱ्याने अमुक अक्षांश, अमुक रेखांश, अमुक तारखा असे सांगावे, तेवढेच आकडे त्याच्याकडे येतात.

दुसरी परंपरा नकाशाकारांची. १९९४ साली स्थापन झालेल्या ओपन जिओस्पेशियल कन्सॉर्शियम या संस्थेने तीन संकेत रूढ केले. वेब मॅप सर्व्हिस रंगविलेले चित्र पाठवते. ग्रामसभेत पूररेषा दाखवायची तर तेवढे पुरते. वेब फीचर सर्व्हिस विहिरी, रस्ते, गावशिवाच्या हद्दी या वस्तू त्यांच्या नोंदींसह देते. वेब कव्हरेज सर्व्हिस चौकटींतील मूळ आकडे देते. तिन्ही संकेतांचे मसुदे कोणालाही फुकट वाचता येतात, हे महत्त्वाचे.

येथेच सावध राहिले पाहिजे. एखादे खाते केवळ चित्राची सेवा सुरू करते आणि आम्ही माहिती खुली केली, असे सांगते. चित्रात गडद निळा रंग दिसतो, पण त्या रंगामागे ४० मिलिमीटर पाऊस आहे की ६०, हे त्यातून काढून हिशेब करता येत नाही. पाहण्याचा हक्क दिला आणि तपासण्याचा राखून ठेवला, असा त्याचा अर्थ होतो. सरकारी निष्कर्षाला उत्तर द्यायचे तर मूळ आकडेच लागतात.

मग एकच संकेत निवडावा काय? माझ्या मते नाही. गावकऱ्याला चित्र हवे, नियोजनकाराला हद्दी हव्यात, अभ्यासकाला आकडे हवेत. इतक्या सेवा चालविणे लहान खात्यांना झेपणार नाही, हा आक्षेप येतो. पण थ्रेड्स नावाची मुक्त प्रणाली एकाच फाइलीतून ओपेनडॅप, चित्रसेवा आणि आकडेसेवा अशा तिन्ही पुरवते. नकाशांसाठी जिओसर्व्हर, मॅपसर्व्हर आहेत. परवाना-शुल्क कशालाच नाही. लागतात ती शिकलेली माणसे आणि त्यांना टिकविणारी आस्थापना. खर्च करायचा तो तेथे.

संकेत पाळतानाही काटेकोरपणा हवा. वेब मॅप सर्व्हिसच्या १.१.१ आवृत्तीत आधी रेखांश, मग अक्षांश, १.३.० मध्ये नेहमीच्या भौगोलिक पद्धतीसाठी हा क्रम उलटला. दुर्लक्ष झाले की नकाशा भलत्याच मुलखात जाऊन पडतो. तद्वतच आकड्यासोबत त्याचे एकक, मोजमापाची वेळ आणि ‘नोंद नाही’ याची खूण नसेल, तर कोरडा दिवस आणि बंद पडलेले पर्जन्यमापक यांत फरकच उरत नाही.

आता नवा प्रवाह मोठ्या कंपन्यांच्या संगणक-कोठारांचा आहे. अमेरिकेच्या नासानेही आपले भूविज्ञानाचे संग्रह ॲमेझॉनच्या कोठारात नेण्यास सुरुवात केली. त्यात सोय आणि वेग आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु माहिती बाहेर नेण्याचे भाडे कोठारवाला ठरवणार असेल, तर १९८४ चा धडा विसरता कामा नये.

म्हणून यापुढे आपल्या निवेदनांत ‘माहिती खुली करा’ एवढेच लिहून थांबू नका. मूळ आकडे द्या. हवा तेवढाच भाग मागण्याची सोय ठेवा. संकेत खुले वापरा. आणि सार्वजनिक माहितीची एक पूर्ण प्रत सार्वजनिक संस्थेच्या ताब्यात ठेवा, या चार मागण्या स्पष्ट शब्दांत मांडा. पावसाची मोजणी लोकांच्या पैशाने झाली आहे. तिचा पडताळा घेण्याचे साधनही लोकांच्या हाती आले पाहिजे.