पहिलीच्या वर्गातील पदवीधर

(व्याख्यानाचे शब्दांकन)



दहावीच्या मुलाला गणित कोण शिकवतो, याची चौकशी घरोघरी होते. शिकवणी निवडताना शिक्षकाची पदवी, अनुभव, मागील निकाल, सारे पारखले जाते. परंतु पहिलीतल्या मुलाला अक्षरओळख करून देणाऱ्या शिक्षकाचे प्रशिक्षण कोणते, हा प्रश्न किती घरांत विचारला जातो? 'लहान मुलांना काय, कोणीही शिकवील' ही समजूत आपल्या समाजात खोलवर रुजली आहे. आजच्या विषयाचे मूळ या समजुतीत आहे.

एक साधे उदाहरण पाहू. सहा-सात वर्षांचे मूल 'पंचवीस' हा शब्द ऐकते आणि पाटीवर ५२ लिहिते. उत्तर चुकले हे गणिताच्या पदवीधराला तत्काळ कळते. ते का चुकले, हे मात्र त्याची पदवी त्याला सांगत नाही. 'पंचवीस' म्हणताना पाच आधी उच्चारले जातात, वीस नंतर. मूल ऐकलेल्या क्रमाने लिहिते. त्याच्या चुकीमागे निष्काळजीपणा नसून तर्क आहे. हे ओळखणारा शिक्षक दहा-दहा काड्यांचे दोन गठ्ठे आणि पाच सुट्या काड्या त्याच्यापुढे ठेवतो; न ओळखणारा 'दहा वेळा लिहून आण' म्हणतो. पहिल्याच्या वर्गात मुलाला गणित कळते, दुसऱ्याच्या वर्गात गणिताची भीती जन्माला येते. २०१९ साली दुसरीच्या पाठ्यपुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी रचना आली, तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला. मते भिन्न असतील; पण संख्यावाचन शिकवणे हा गंभीर विचाराचा विषय आहे, एवढे त्या वादाने दाखवून दिले.

हाच प्रश्न वेगळ्या रूपात सर्वोच्च न्यायालयापुढे आला. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २०१८ साली अधिसूचना काढून बी.एड. पदवीधारकांना पहिली ते पाचवीसाठी पात्र ठरवले होते. नियुक्तीनंतर त्यांनी सहा महिन्यांचा सेतू अभ्यासक्रम पूर्ण करावा, अशी अट होती. राजस्थान उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ही अधिसूचना रद्द केली आणि ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. बी.एड.चे प्रशिक्षण माध्यमिक व उच्च माध्यमिक वर्गांसाठी आहे, प्राथमिकचे अध्यापनशास्त्र वेगळे आहे आणि शिक्षणाच्या मूलभूत हक्कात गुणवत्ताही अंतर्भूत आहे, हा त्या निर्णयाचा गाभा होय. वर्षानुवर्षे तयारी केलेल्या असंख्य तरुणांची त्यामुळे निराशा झाली. त्यांचे दुःख खरे आहे. परंतु वर्गात बसलेल्या बालकाचा हक्क त्याहून आधीचा आहे.

मग पदवीधराने प्राथमिक शाळेत येऊच नये काय? अवश्य यावे, मात्र बालकाचा अभ्यास करून यावे. ताराबाई मोडक मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर होत्या. राजकोटचे प्राचार्यपद सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालशिक्षणाच्या प्रयोगात सहभागी झाल्या. पुढे १९४५ साली बोर्डीला आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर वनवासी मुलांसाठी त्यांनी, अनुताई वाघ यांच्या साथीने, बालशिक्षणाचे केंद्र उभे केले. मूल शाळेत येत नाही, तर शाळा मुलाच्या अंगणात नेली. उच्च शिक्षण घेऊन लहान मुलांकडे वळणे ही त्यांच्या दृष्टीने पायउतार होणे नव्हते, ती साधना होती.

त्या साधनेला आता अभ्यासक्रमाची चौकट मिळत आहे. प्राथमिक शिक्षकांसाठी चार वर्षांचा स्वतंत्र पदवी अभ्यासक्रम दिल्ली विद्यापीठाने १९९४ साली सुरू केला होता. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक बी.एड. ही शिक्षकाची किमान पात्रता करण्याचे उद्दिष्ट ठेवले. २०२३-२४ पासून ५७ संस्थांत हा अभ्यासक्रम प्रायोगिक स्वरूपात सुरू झाला. त्यात पायाभूत स्तरासाठी वेगळे प्रशिक्षण आहे.

परंतु चौकट म्हणजे प्राण नव्हे. बारावीनंतरच्या डी.एड.चे महाराष्ट्रात काय झाले, ते स्मरणात ठेवावे लागेल. महाविद्यालये भराभर उघडली. त्यांच्या मान्यतेचे प्रश्न न्यायालयात गेले. अशा २९१ संस्थांच्या प्रकरणातूनच न्या. जे. एस. वर्मा आयोग नेमला गेला आणि २०१२ साली त्याने शिक्षक-प्रशिक्षणाच्या दुरवस्थेवर बोट ठेवले. दोन वर्षांचा बाजार चार वर्षांचा झाला, तर काहीच साधणार नाही.

म्हणून आग्रह तीन गोष्टींचा हवा. प्रशिक्षण महाविद्यालयाला जोडलेली खरी सरावशाळा असावी. भावी शिक्षकांना शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी स्वतः पहिली-दुसरीचे वर्ग घेतलेले असावेत. आणि प्राथमिक शिक्षकाचे वेतन व सन्मान असा असावा की गुणवंत पदवीधराला पहिलीचा वर्ग मागून घ्यावासा वाटेल.

पहिल्या दोन गोष्टी शासन आणि संस्थांच्या हाती आहेत. तिसरीतला सन्मान समाजाच्या हाती आहे. घरातली हुशार मुलगी 'मला लहान मुलांना शिकवायचे आहे' असे म्हणाली, तर 'एवढे शिकून हेच करणार का?' असे तिला विचारू नये. एवढे शिकावे ते याचसाठी, असे सांगणारी घरे वाढली, की पंचवीस लिहिताना चुकणाऱ्या मुलाला योग्य हात मिळेल.