गळतीचा माग

यंत्राची गोष्ट निघाली की माणसे बहुधा त्याच्या बळाविषयी बोलतात. किती अश्वशक्ती, किती वेग, किती टन भार, असे आकडे तोंडावर येतात. मला आज आपणांशी बोलावयाचे आहे ते थेंबाविषयी. नव्याने बांधलेल्या जुन्या इंजिनाखाली सकाळी जो थेंब दिसतो, तो कोठून आला हे शोधताना माझ्यावर जी पाळी आली, तिची ही हकिकत आहे.

माझ्या वडिलांचा एक फार्गो ट्रक होता, १९५१ सालचा. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीने अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने मुंबईत कुर्ल्याला कारखाना काढला आणि १९४७ सालापासून तेथून गाड्या बाहेर पडू लागल्या. डॉज, डिसोटो आणि फार्गो ही नावे पुढच्या जाळीवर वेगवेगळी दिसत. आत गाडी बहुतांशी एकच. वडील कोल्हापूरच्या बाजारपेठेतून गुळाच्या ढेपा भरत आणि गगनबावड्यावरून घाट उतरून कोकणात जात. १९७८ साली हा ट्रक शेडमध्ये उभा राहिला तो उभाच राहिला. २०२१ साली, वडिलांच्या मागे बऱ्याच वर्षांनी, मी तो पुन्हा चालता करावयाचे मनावर घेतले.

इंजिन बांधावयाला दिले ते कोल्हापुरातल्याच एका वृद्ध मिस्त्रींकडे. सत्तरी ओलांडलेली, डोळ्याला जाड भिंगाचा चष्मा. पोरवयात वडिलांच्या याच गाडीचे पाने धुऊन देणारे हात. मी त्यांना मामा म्हणतो, ते मला मालक म्हणतात. त्यांनी सिलिंडर बोअर करून घेतले, क्रँक ग्राइंड करून घेतला, पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह सारे नवे घातले. पाण्याच्या पंपामागून ब्लॉकच्या आत लांबवर जाणारी एक पत्र्याची चपटी नळी या इंजिनात असते. ती सडली की मागच्या सिलिंडरांना थंड पाणी पोहोचत नाही. तीही त्यांनी नवी, पितळेची करवून घेतली. दसऱ्याच्या दिवशी इंजिन पहिल्या दमात सुरू झाले. माझ्या आईने त्याला ओवाळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेडमध्ये पाहतो तो पुढच्या बाजूला हिरवट पाण्याचे थारोळे आणि मागे, फ्लायव्हीलच्या खाली, ताटाएवढा ऑइलचा डाग!

येथे मला एक कबुली दिली पाहिजे. त्या दिवशी चहाच्या गाडीवर मी चार माणसांत बोलून गेलो, 'मामांचा हात आता राहिला नाही.' बोलणे सहज होते, परंतु आमच्याकडे असे बोलणे पायाने चालत जाते. एका गृहस्थाने आपल्या जुन्या जीपचे इंजिन मामांकडे बांधावयाला दिले होते. आठवड्याच्या आत तो ते परत घेऊन गेला. मामांनी मला एका शब्दाने विचारले नाही. मी पाना घेऊन हेडचे बोल्ट आवळावयाला वाकलो तेव्हा मात्र म्हणाले, "मालक, पाना ठेवा खाली. आधी बघूया, मग आवळूया."

गळती दिसली की आवळावे, ही बुद्धी सर्वांनाच होते. पण ऑइलचे चेंबर, म्हणजे इंजिनाच्या तळाचे पत्र्याचे भांडे, बुचाच्या पॅकिंगवर बसलेले असते. बोल्ट फार आवळला तर बूच चिरडून बाहेर येते आणि पत्र्याची कड प्रत्येक भोकाशी वर उचलली जाते. मग दोन बोल्टांच्या मध्ये फट राहते आणि जितके आवळावे तितकी ती वाढते. अशी कड ऐरणीवर ठेवून हातोडीने सपाट करावी लागते. बुचाचे पॅकिंग दुकानात वर्षानुवर्षे पडून सुकते, आकसते, भोके जुळत नाहीत. ते ताणून बसवू नये, कोमट पाण्यात भिजत घालावे, ते आपल्या मापावर येते.

मामांनी पहिली गोष्ट केली ती ही, की सारे इंजिन रॉकेलने धुऊन कोरडे पुसले आणि त्यावर खडूची पूड उडवली. खाली वर्तमानपत्राचे कागद अंथरले, त्यांवर इंजिनाच्या पुढची बाजू, मागची बाजू, चेंबरची कड अशा खुणा पेन्सिलीने केल्या. वीस मिनिटे इंजिन चालवले आणि रात्रभर तसेच ठेवले. सकाळी आम्ही दोघे ते कागद घेऊन बसलो. वर्तमानपत्र इतक्या बारकाईने मी त्यापूर्वी कधी वाचले नव्हते. आज यासाठी ऑइलात किंवा पाण्यात घालावयाचे रंग मिळतात, निळसर दिव्याखाली ते चमकतात आणि गळतीची वाट दाखवतात. ते साधन चांगलेच आहे. पण तत्त्व एकच : थेंब जेथे पडतो तेथे तो जन्मलेला नसतो. तो वरून उतरतो, कडेकडेने चालतो, गाडी पळत असेल तर वाऱ्याने मागे ढकलला जातो आणि सर्वांत खालच्या टोकाशी येऊन मग सुटतो.

पाण्याची वाट आधी सापडली. ती एक नव्हे, तीन होत्या. या जातीच्या इंजिनात व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच असतात आणि हेड म्हणजे वर ठेवलेले एक जाड झाकण. ते धरून ठेवणाऱ्या बोल्टांची भोके खाली थेट पाण्याच्या पोकळीत उघडतात. आटे कोरडे ठेवून बोल्ट बसवला तर पाणी आट्याआट्याने चढते आणि बोल्टच्या माथ्याशी येऊन पाझरते. पाहणाऱ्याला वाटते, हेड पॅकिंग गेले. मामांनी बोल्टांना शेलॅक लावले होते, पण दोन बोल्टांना लावलेले नव्हते. ते दोन, आठवते तर, मीच उत्साहाने बसवले होते. इंजिन थंड असताना पाणी हेडच्या खालीपर्यंत काढून, एका वेळी एकच बोल्ट काढावा, आटे तारेच्या ब्रशाने साफ करावे, सीलंट लावावे आणि टॉर्क पान्याने ६५ ते ७० फूट-पौंडांवर पुन्हा बसवावा. शेवटी मधल्या बोल्टांपासून बाहेरच्या बोल्टांकडे असा क्रम धरून सारे एकदा तपासावे.

दुसरी वाट मॅनिफोल्डखाली होती. ब्लॉक ओतताना आतली वाळू काढण्यासाठी बाजूला भोके ठेवावी लागतात. ती नंतर पत्र्याच्या फुगीर चकत्यांनी बंद करतात. चकती खाचेत ठेवून मध्यभागी एक नेमका ठोका दिला की ती चपटी होते, पसरते आणि कडेला घट्ट बसते. खाचेत गंजाची खपली राहिली तर ती कधीच नीट बसत नाही. एका चकतीखाली अशी खपली राहिली होती. ही चूक मामांची. त्यांनी ती कोणी दाखवण्यापूर्वी स्वतःच सांगितली, आणि चष्म्याची भिंगे पुसत बराच वेळ उगी राहिले.

तिसरी वाट पाण्याच्या पंपाची. पंपाच्या पोटाला खाली एक बारीक भोक असते. आतले सील गेले की तेथून पाणी ठिबकते. ही सूचना आहे. कित्येक जण ते भोकच बुजवतात आणि मग पाणी पंपाच्या बेअरिंगात शिरते. आमचा पंप तर नवा होता. मग सील का गळावे? मामांनी रेडिएटरचे झाकण काढून उजेडात धरले. त्यावर तेरा पौंडांचा आकडा होता. ते मी शहरातून मुद्दाम आणले होते, चकचकीत. त्या काळच्या कित्येक ट्रकांच्या रेडिएटरांना दाबाचे झाकणच नसे, असले तर चार पौंडांचे. दाब चढवला की पाणी उशिरा उकळते हे खरे. चार पौंडांना सुमारे १०७ अंश सेल्सिअस, तेरा पौंडांना सुमारे ११९. पण सत्तर वर्षांचा रेडिएटर आणि तशाच घडणीचा पंप त्या दाबासाठी केलेलेच नव्हते. चार पौंडांचे झाकण लावले, सील बदलले, पंप कोरडा झाला.

या वेळी सर्वांत मोठी भीती निराळी होती. पाणी बाहेर गेले तर जमीन ओली होते, आत ऑइलात गेले तर बेअरिंगे जातात. कूलंटमधला ग्लायकॉल ऑइलाचा चिखल करतो. म्हणून मामांनी गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी चेंबरचा नट अगदी हलका सैल केला. पाणी ऑइलापेक्षा जड, ते तळाशी बसते आणि पहिल्याने बाहेर येते. पहिला थेंब काळा, चिकट, निखळ ऑइलाचा आला. मी श्वास सोडला. ऑइल भरावयाच्या झाकणाला आतून कधी थोडी पांढरट साय दिसते, विशेषतः पावसाळ्यात आणि गाडी थोडीथोडीच चालवली तर. तेवढ्यावरून घाबरू नये, ती बहुधा हवेतल्या दमटपणाची असते.

आता राहिला मागचा ऑइलचा डाग. पाहणाऱ्यांत एकमत होते की मागच्या मेन बेअरिंगचे सील गेले. तेथे जुन्या इंजिनांत ग्राफाइट लावलेल्या दोरीचे सील असते आणि ते बदलावयाचे म्हणजे गिअरबॉक्स, क्लच सारे उतरवणे आले. (जुन्या पॅकिंगांत व दोऱ्यांत ॲस्बेस्टॉस असे. ती कोरडी खरवडू नयेत. ती धूळ फुप्फुसाला घातक ठरते.) मामा मात्र खडूची पूड पाहत होते. ती खाली काळी झालीच होती, पण वरही, टॅपेट कव्हरच्या कडेने, काळी झाली होती. म्हणजे ऑइल दोन्हीकडून एकदम बाहेर पडत होते. दोन्ही जागा एकाच दिवशी वाईट कशा बांधल्या जातील?

त्यांनी ऑइल भरावयाच्या नळीवरचे झाकण काढले. आतून फुस्स करून हवा सुटली.

पिस्टनच्या रिंगांजवळून थोडा वायू नेहमीच खाली उतरतो. नव्या रिंगा बसेपर्यंत जास्त. या इंजिनांत टॅपेट कव्हरपासून निघून गाडीखाली उघडणारी एक नळी त्याला बाहेर वाट देते, आणि ऑइल भरावयाच्या झाकणातून, जाळीतून, ताजी हवा आत येते. मी ते जाळीचे झाकण कुरूप म्हणून टाकून दिले होते आणि जागी दुसऱ्या गाडीचे बंद झाकण लावले होते. तेवढ्याने भागले नव्हते. मामांनी खालच्या नळीत तार घातली, ती वीतभर जाऊन अडली. नळी रंगवून मीच महिनाभर शेडच्या खिडकीत वाळत ठेवली होती. उलटी करून ठोकली तेव्हा तिच्यातून मातीचा एक घट्ट गोळा बाहेर पडला. कुंभारणीचे घर! त्या माशीने चिखलाच्या गोळ्या आणून आत आपले खोपे बांधले होते. इंजिनाला श्वास सोडावयाला जागाच उरली नव्हती, म्हणून ते मिळेल तेथून ऑइल बाहेर लोटीत होते.

नळी साफ केली, कचऱ्यातून जुने झाकण शोधून रॉकेलने धुतले. टॅपेट कव्हरचे पॅकिंग बदलले. गिअरबॉक्स उतरवावा लागला नाही. चार दिवसांनी कागदावर मागच्या बाजूला आठ आण्यांच्या नाण्याएवढा डाग होता. पंधरा दिवसांत, रिंगा बसल्यावर, तो चार आण्यांएवढा झाला. दोरीचे सील इतके देणारच, असे मामांचे मत.

जीपवाल्या गृहस्थाकडे मी स्वतः गेलो. सगळे सांगितले : दोन बोल्ट माझे, रेडिएटरचे झाकण माझे, ऑइलचे झाकण माझे, नळी खिडकीत ठेवणारा मी. मामांची खपलीही सांगितली, कारण त्यांनी ती सांगावयाला बजावले होते. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग चहा मागवला. इंजिन त्याने दिवाळीनंतर परत आणून दिले.

मामांनी दुसऱ्या खेपेच्या कामाची मजुरी घेतली नाही. पंपाच्या सीलचे आणि पॅकिंगचे पैसे तेवढे घेतले. मातीचा तो गोळा त्यांच्या वर्कशॉपात फळीवर आहे, पिस्टनच्या जुन्या रिंगांशेजारी. कोणी गिऱ्हाईक आपल्या गाडीचे मागचे सील गेले असे सांगत आले, की ते आधी तो खाली काढून त्याच्या हातात देतात आणि मगच बॉनेट उघडावयाला उठतात.