पाण्याच्या अहवालातील आकडा



समजा, वैजापूर तालुक्यातील एखाद्या विहिरीच्या पाण्याचा अहवाल ग्रामपंचायतीच्या हाती आला आणि त्यात नायट्रेटपुढे नुसताच '१२' हा आकडा आहे. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालते. त्याअर्थी विहीर निर्धोक ठरते. परंतु हा आकडा नायट्रेटमधील केवळ नायट्रोजनचा असेल, तर त्यास ४.४३ ने गुणावे लागते. उत्तर येते ५३! असे पाणी वरच्या दुधावर वाढणाऱ्या तान्ह्या बालकास अपायकारक असते. त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते. पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते. एकक न लिहिण्याचा आळस एवढा महाग पडू शकतो.

रासायनिक पृथक्करणातील अचूकता केवळ यंत्राच्या किमतीवर अवलंबून नसते. अजिंठ्याच्या डोंगरापलीकडील सोयगावहून छत्रपती संभाजीनगरला नमुना पाठवावयाचा, तर वैशाखाच्या उन्हात बाटलीतील सूक्ष्मजंतू वाटेतच नायट्रेटचे प्रमाण बदलू लागतात. म्हणून नमुना बर्फाच्या पेटीत ठेवून ४८ तासांच्या आत तपासावा लागतो. तो वाटेतच बिघडला, तर प्रयोगशाळेतील सारा काटेकोरपणा बिघडलेल्या पाण्यावरच खर्ची पडतो!

नायट्रिक आम्लाने धुतलेली काचेची भांडी नीट विसळली नाहीत, तर नायट्रेट भांड्यातूनच येते. हे उघडकीस यावे म्हणून प्रत्येक तुकडीबरोबर शुद्ध पाण्याचा कोरा नमुना आणि ज्ञात प्रमाणाचे द्रावण तपासण्याचा प्रघात आहे. एखादा नमुना तपासनिसास न सांगता दोनदा देणे, हे तर अधिकच चांगले. ज्ञात द्रावणाची रोजची उत्तरे आलेखावर मांडतात. ही पद्धत अमेरिकेतील वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्ये कारखान्यातील मालासाठी काढली. उत्तर सीमेबाहेर गेले, अथवा सलग सात-आठ उत्तरे मध्यरेषेच्या एकाच बाजूस पडली, तर काम थांबवून कारण शोधावयाचे. त्या दिवशीचे अहवाल तोवर रोखून धरावे लागतात आणि नेमके हेच रुचत नाही. कारण उद्दिष्ट तपासलेल्या नमुन्यांच्या संख्येचे असते, रद्द केलेल्या तपासण्यांचे नव्हे.

४४ आला म्हणून विहीर चांगली आणि ४६ आला म्हणून वाईट, असा निवाडा रसायनशास्त्र देत नाही. प्रत्येक मोजमापात थोडी अनिश्चितता असतेच. असा सीमेवरचा आकडा आल्यास ग्रामपंचायतीने फेरनमुना पाठवावा, उकिरडा वा शोषखड्डा विहिरीपासून किती अंतरावर आहे हे पाहावे आणि निकाल हाती येईपर्यंत अर्भकांसाठी दुसऱ्या ठिकाणच्या पाण्याची सोय करावी.