नकाशा उघडा असतो तेव्हा बोला

(मंडळाच्या फोंडा येथील सभेत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



या व्यासपीठावरून आजवर भाषेवर बोलणे झाले, शाळांवर झाले, देवस्थानांवर झाले. आज मला आपल्या पायाखालच्या जमिनीवर बोलायचे आहे. विषय रूक्ष आहे, शहराचा विकास आराखडा आणि बांधकामाचे नियम. पण माझी सुरुवात घरच्या गोष्टीने आहे.

माझ्या आजोळी दारात तुळशीवृंदावन आणि मागे कुळागर. गावाचे नाव सांगत नाही. आजोबा गेले आणि वाटण्या अडकल्या. हिस्सेदार सात, त्यातले तिघे मुंबईला. एके सकाळी मोजणीवाले आले आणि अंगणात खुणा करू लागले. रस्ता रुंद व्हायचा होता, वृंदावन त्याच्या आखणीत येत होते. मामा संतापले, "आम्हांला विचारले कोणी?" चौकशी केली तेव्हा कळले की विचारले होते. नकाशाचे प्रारूप लावले होते, वर्तमानपत्रात जाहिरातही आली होती. हरकतींची मुदत संपून चार वर्षे झाली होती. ते वर्तमानपत्र रोज आमच्या घरी येत होते. अग्रलेख वाचला, निधनवार्ता वाचल्या, जाहिरात कोणी वाचली नाही. कारण सात जणांचे घर म्हणजे कोणाचेच घर नव्हते. दोष दुसऱ्या कोणाचा नाही, आमचा.

म्हणून आज एकच गोष्ट सांगायला उभा आहे. नकाशा उघडा असतो तेव्हा बोला, आणि बोलाल तेव्हा केवळ आपल्या सर्व्हे नंबरापुरते बोलू नका.

आता हा नकाशा होतो कसा ते पाहू. गोव्यात याचा मूळ कायदा १९७४ सालचा नगर व ग्राम नियोजन कायदा. राज्याचा तो प्रादेशिक आराखडा आणि शहराचा तो बाह्य विकास आराखडा, ज्याला आपण ओडीपी म्हणतो. फोंड्याचा ओडीपी दक्षिण गोवा नियोजन व विकास प्राधिकरणाकडे असतो, म्हापशाचा उत्तर गोवा प्राधिकरणाकडे. आधी आज कोणत्या जमिनीचा काय वापर आहे याचा नकाशा आणि नोंदवही तयार होते. मग आराखड्याचे प्रारूप, मग हरकती, आणि शेवटी मंजुरी. आपण जागे होतो ते या शेवटच्या पायरीवर. खरी चूक पुष्कळदा पहिल्या पायरीवर होते. पिकते कुळागर नोंदवहीत पडीक म्हणून लागले, तर पुढे त्याला वस्तीचा रंग द्यायला कोणाचाच हात अडखळत नाही.

रंगाच्या जोडीला येतो एफएआर, म्हणजे भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या मानाने एकूण किती बांधकाम करता येईल त्याचे प्रमाण. समजा तुमचा भूखंड ५०० चौरस मीटरचा आहे. एफएआर ६० असेल तर ३०० चौरस मीटर बांधता येईल, २०० असेल तर १००० चौरस मीटर. नियमातला एक आकडा बदलला की बैठ्या घराच्या जागी इमारत उभी राहते. विहीर तीच, गटार तेच, गल्ली तीच. हे आकडे २०१०च्या भूविकास व बांधकाम नियमांत आहेत आणि त्या नियमांत आजवर अनेकदा दुरुस्त्या झाल्या आहेत. या दुरुस्त्यांवर आपल्या किती सभांत चर्चा झाली, ते आपण आपल्यालाच विचारावे.

कोणी म्हणेल, हे काम नगरसेवकांचे. १९९२च्या ७४व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत नगरनियोजन हा पहिलाच विषय ठेवला, जमीनवापर आणि बांधकामाचे नियमन हा दुसरा. पण हे विषय नगरपालिकेकडे सोपवायचे की नाही, ते राज्यावर सोडले. आपल्याकडे नियोजन प्राधिकरणाकडेच राहिले आणि ते प्राधिकरण सरकार नेमते. ज्याला आपण मत देतो तो नकाशा काढत नाही, आणि जो नकाशा काढतो त्याला आपण मत देत नाही. ही उणीव प्रत्येक निवडणुकीत प्रत्येक पक्षापुढे मांडली पाहिजे.

लोक जागे झाले तर काय होते, तेही गोव्याने पाहिले आहे. २००६ साली अधिसूचित झालेल्या प्रादेशिक आराखडा २०११ विरुद्ध गोवा बचाव अभियान उभे राहिले आणि २००७च्या आरंभी सरकारला तो आराखडा मागे घ्यावा लागला. त्यानंतरच्या २०२१च्या आराखड्यासाठी कृती दल नेमले गेले. त्यात चार्ल्स कुरैय्या आणि एडगर रिबेरो यांच्यासारखे जाणकार होते, आणि मसुदा गावागावांत चर्चेला गेला. तो आराखडा निर्दोष होता असे मी म्हणत नाही. पण त्यात गावाला विचारण्याची रीत होती.

नंतर वारे फिरले. २०१८ मध्ये कायद्यात १६-ब कलम आले, २०२३ मध्ये १७(२) आणि २०२४ मध्ये ३९-अ. तिन्हींचा रोख एकच : संपूर्ण आराखडा न बदलता एकेका जागेचा विभाग बदलायचा. १७(२) अनवधानाने झालेल्या चुका दुरुस्त करण्यासाठी म्हणून आले. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याखालचे नियम रद्द ठरवले आणि त्या कलमाची व्याप्ती आवळली. ३९-अ प्रादेशिक आराखड्यालाही लागू केले आणि ओडीपीलाही. त्यात सूचनांसाठी ३० दिवसांची मुदत ठेवली होती. त्यालाही न्यायालयात आव्हान दिले गेले.

येथे आपण सरकारला बोल लावून टाळ्या घेऊ शकतो. पण अर्ज करते कोण? बिल्डर करतो, दिल्लीचा खरेदीदार करतो, आणि कधी कधी आपल्याच घरातला माणूस करतो. आपण जुनी घराणी. पूर्वज देव घेऊन नदी ओलांडून अंत्रुज महालात आले असे अभिमानाने सांगतो. आणि त्याच भूमीचा तुकडा चांगल्या भावाने जावा म्हणून विभाग बदलून मागतो. मी कोणाला पापी म्हणत नाही. मुलीचे शिक्षण असते, औषधपाणी असते, जुन्या घराचे छप्पर असते. गरज खरी असते. पण प्रत्येकाने आपापला तुकडा सोडवून घेतला तर मागे उरते ते शहर नव्हे, तुकड्यांचा ढीग. कोणत्याही एका अर्जात पाण्याचा हिशेब नसतो, रस्त्याचा नसतो, कचऱ्याचा नसतो. तो हिशेब फक्त पूर्ण आराखड्यात मांडता येतो.

पाण्याचेच घ्या. कुळागर जगते ते वरच्या डोंगरातून झिरपणाऱ्या पाण्यावर. डोंगर कापला की झर आटते, आणि खालच्या पोफळी सुकतात त्या डोंगर न विकणाऱ्याच्या. खांडेपार नदीवरच्या ओपा प्रकल्पाचे पाणी फोंड्यालाही जाते आणि तिसवाडीलाही. म्हणजे या तालुक्यातले डोंगर कोणत्या रंगात रंगवायचे, हा पणजीकरांच्या नळाचाही प्रश्न आहे.

एक इशारा. विभाग बदलला म्हणजे सगळे झाले असे नसते. जमीन महसूल संहितेखालची सनद लागते, प्राधिकरणाची विकास परवानगी लागते, नगरपालिकेचा बांधकाम परवाना लागतो. कूळ कायद्याने मालकीत आलेली जमीन असेल तर १९९१चा जमीन वापर नियमन कायदा आहे, तो शेतीखेरीज अन्य वापराला मनाई करतो. विसार घेण्याआधी हे पाहा, नंतर नव्हे.

आता करायचे काय? चार गोष्टी मंडळापुढे ठेवतो.

पहिली. पाच जणांची नकाशा समिती नेमा, आणि त्यात निदान दोघे तिशीच्या आतले असोत. जमीनवापर नकाशा किंवा आराखड्याचे प्रारूप लागले की पहिल्या आठवड्यात त्याची प्रत मंडळात यावी आणि भिंतीवर लागावी.

दुसरी. प्रत्येक कुटुंबाने आपला एक-चौदाचा उतारा काढून ठेवावा आणि नकाशाशी ताडून पाहावा. बाहेरगावच्या हिस्सेदारांना कळवावे. आपल्या जमिनीत मुंडकार असेल तर त्याचे घर नकाशात आले आहे की नाही तेही पाहावे. १९७५च्या कायद्याने त्याला संरक्षण दिले आहे, आणि तोही याच शहराचा रहिवासी आहे.

तिसरी. हरकत लेखी द्या, मराठीत द्या, पोच घ्या. १९८७च्या राजभाषा कायद्यात मराठीच्या सरकारी वापराला जागा आहे. जागा वापरली नाही तर ती जाते, मग ती जमिनीची असो की भाषेची. आराखड्याचा गोषवारा मराठीत प्रसिद्ध व्हावा ही मागणीही त्याच पत्रात करा. सुनावणीची तारीख मिळाली तर हजर राहा.

चौथी आणि अवघड. मंडळाने असा ठराव करावा की मंडळाचा पदाधिकारी पदावर असेपर्यंत स्वतःच्या जागेचा विभाग सुटा बदलून मागणार नाही. जे मागायचे ते आराखड्याच्या प्रारूपावर, सर्वांसमोर मागेल. माझ्या नावावर मोक्याची थोडी जागा आहे, म्हणून पहिली सही माझी असेल.

मामांचे वृंदावन शेवटी मागे सरकवून बांधले. रस्ता झाला, आणि खरे सांगायचे तर तो हवाही होता. पण आखणी समोरच्या रिकाम्या बाजूने नेता आली असती असे मोजणीवाल्यानेच मला पुढे सांगितले. कोणी तसे सुचवले असते तर. सुचवायला त्या वेळी आमच्यातले कोणी गेले नव्हते. पुढचा नकाशा लागेल तेव्हा आपण तिथे असू, एवढेच आज ठरवून उठूया.