परदेशातला शेवटचा दिवस

(मंडळाच्या हळदीकुंकू समारंभात केलेले भाषण)



चार माणसांपुढे उभे राहून बोलण्याचा माझा हा पहिलाच प्रसंग. सातवीपर्यंत शिकलेल्या बाईने भाषण ते काय करावे! पण चिटणीसबाईंनी आठ दिवस पिच्छाच पुरवला. “सिंगापूरला एकटी जाऊन आलात, मग आमच्यापुढे दहा मिनिटे बोलायला कशाला घाबरता?” असे त्या म्हणाल्या. यावर मला काही उत्तर सुचले नाही, म्हणून उभी राहिले आहे. चुकलेमाकले सांभाळून घ्यावे.

सिंगापुरात काय काय पाहिले ते मी जिन्यात, गिरणीत आणि भाजीवाल्याच्या गाडीपाशी इतक्या वेळा सांगितले आहे, की ते आता माझ्यापेक्षा तुम्हालाच अधिक पाठ असेल. उंच इमारती आणि आरशासारखे रस्ते यांचे वर्णन आज करीत नाही. आज बोलायचे ते एका दिवसाविषयी, परत निघण्याच्या दिवसाविषयी. कारण त्या दिवसाबद्दल मी घरी आणि आळीतही थोडेसे खोटे बोललेले आहे.

आमच्या शेजारच्या वहिनी आणि मी, दोघींनी सहा वर्षे दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेतल्या, हे तुम्हाला ठाऊकच आहे. तुमच्यापैकी पुष्कळजणींनी आमच्या चकल्या खाल्ल्या आहेत. त्यातला पैसा आम्ही निराळा ठेवला आणि २०२४ च्या नोव्हेंबरात, त्या वर्षीचा फराळ आटोपल्यावर, दोघींनी मिळून सिंगापूरला जायचे ठरवले. तिकिटे काढली, व्हिसा आले. आणि निघायला नऊ दिवस असताना वहिनींच्या सासूबाई मोरीत घसरल्या व मांडीचे हाड मोडले. वहिनींचे जाणे रद्द झाले. तिकिटाचे पैसे परत मिळणार नव्हते. मीही राहते असे म्हणाले, तर वहिनीच रागावल्या. “माझे गेले ते गेले, तुमचेही कशाला बुडवता?” हे मात्र दोन दिवस काहीच बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी बाजारातून येताना माझ्या बॅगेला लावायला एक छोटे कुलूप घेऊन आले. तेव्हा मी समजले.

माझ्या पासपोर्टावर ‘ईसीआर’ ही अक्षरे छापलेली आहेत. दहावी पास नसलेल्या माणसाच्या पासपोर्टावर ती असतात. अशा माणसाला काही ठरावीक देशांत नोकरीसाठी जाताना सरकारी परवानगी काढावी लागते. सिंगापूर त्या देशांत नाही आणि मी नोकरीला जातही नव्हते. तरी मुंबईच्या विमानतळावर तेथल्या साहेबांनी ते पान उलटले तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. “कशाला चाललात?” असे त्यांनी विचारले. “बघायला,” एवढेच मी म्हणाले. त्यांनी शिक्का मारला.

पहिले तीन दिवस मी भीतभीतच काढले. लिटल इंडिया म्हणून भाग आहे, तेथे तमिळ लोकांची वस्ती आणि दुकाने पुष्कळ. त्यातल्या एका लहानशा लॉजात मी उतरले होते. दर अर्ध्या तासाने पर्स उघडून पासपोर्ट चाचपायचा, हेच माझे मुख्य काम. पण तेथल्या आगगाडीची एक गंमत आहे. दर स्टेशनाला नावाबरोबर आकडाही दिलेला असतो. आमची गाडी निळ्या रंगाची आणि आमचे स्टेशन १२ नंबरचे. नाव वाचता आले नाही तरी आकडा तर वाचता येतो! तीन दिवसांत मला हे इतके जमले, की चौथ्या दिवशी सकाळी मी पासपोर्ट न चाचपता जिना उतरले. आणि तोच परत निघण्याचा दिवस. शहराशी ओळख झाली आणि निरोप घेण्याची वेळ आली, असे ते झाले.

विमान रात्री आठचे होते. अकराला खोली सोडली आणि बॅग लॉजच्या मॅनेजरांकडे ठेवली. न्याहारीला बाजाराच्या खाणावळीत डोसा आणि कॉफी घेतली. मग पैसे मोजले. ३३ डॉलर उरले होते. पर्समध्ये एक यादी होती. नणंदबाईंना डोकेदुखीचे तेल, तेही कुऱ्हाडछापच, धाकट्या जाऊबाईंना बाम, पुतण्यांना चॉकलेटे, तळमजल्यावरच्या काकूंना विजेरी, शिवाय आणखी सहा नावे. खरेदी शेवटच्या दिवशी करायची, म्हणजे ओझे वाहावे लागत नाही, असा माझा हिशेब होता.

इतक्यात घरून फोन आला. चिरंजीव विचारीत होते, “आई, चहाची गाळणी कुठे आहे?” मी म्हटले, गाळणी नेहमी असते तेथेच आहे. फोन ठेवल्यावर माझ्या ध्यानात आले, की घरची आठवण येऊन मला रडू यायला हवे होते, आणि ते येत नव्हते. उलट, उद्या या वेळी ती गाळणी माझ्याच हातात असेल, हा विचार मनात आला आणि पाऊल जड झाले. भगिनींनो, हे बोलायला मला लाज वाटते. माझे घर चांगले आहे, माणसे चांगली आहेत, कोणाचा जाच नाही. तरीसुद्धा तसे वाटले, हे खरे आहे.

मी बाजाराकडे न वळता स्टेशनात उतरले आणि ९ नंबरचे तिकीट, म्हणजे बोटॅनिक गार्डन, गाठायचे ठरवले. मध्ये दोनच स्टेशने. गाडीत शेंगदाण्याचा लाडू तोंडात टाकणार तोच समोरची पाटी दिसली. गाडीत खाल्ल्यास ५०० डॉलर दंड! लाडू तसाच पुन्हा डब्यात गेला. तीस हजारांहून महाग लाडू मी आजवर केलेला नाही.

ही बाग १८५९ सालापासूनची आहे. आत जायला पैसे पडत नाहीत. पण तिच्यात आमरीच्या फुलांची एक निराळी बाग आहे, ज्यांना इंग्रजीत ऑर्किड म्हणतात, तिला मात्र परक्या माणसांना १५ डॉलरांचे तिकीट. म्हणजे आपले हजार रुपये झाले. त्या खिडकीपाशी मी किती वेळ उभी होते ते सांगत नाही. एका हातात यादी, दुसऱ्या हातात पैसे. रांगेतल्या चार माणसांना “तुम्ही पुढे व्हा” म्हणून खुणा केल्या. सहा वर्षांच्या चकल्यांतले हजार रुपये फुले बघायला घालवायचे? आपल्याकडे कासच्या पठारावर श्रावण-भाद्रपदात फुलांचा गालिचा पसरतो, तेथे आपण मंडळाची सहल नेतो, तो खर्च तरी सगळ्यांचा मिळून असतो. हा एकटीचा होता. शेवटी मी पैसे खिडकीत सरकवले. विचारायला कोणी नव्हते, आणि विचारले असते तर सगळ्यांनी “जा” म्हटले असते, हेही मला माहीत आहे. पण विचारले नाही, यातच काय ते आले.

आत काय पाहिले ते सांगायला माझे शब्द अपुरे आहेत. एका जांभळट-गुलाबी फुलापाशी मोठी पाटी होती. अक्षरे जुळवून थोडे समजले, फोटो काढला आणि उरलेले घरी मुलाने वाचून दाखवले. ॲग्नेस जोआकिम नावाची एक आर्मेनियन बाई सिंगापुरात राहत असे. तिने घरच्या बागेत दोन जातींचा संकर करून हे नवे फूल तयार केले. १८९३ साली बोटॅनिक गार्डनच्या साहेबांनी त्याची नोंद करून तिचे नाव त्याला दिले. १८९९ साली पुष्पप्रदर्शनात तिला पहिले बक्षीस मिळाले आणि त्याच वर्षी ती वारली. १९८१ साली तिचे हे फूल त्या देशाचे राष्ट्रीय फूल ठरले. आपल्यातही बाल्कनीतल्या कुंड्यांत गुलाबांवर प्रयोग करणाऱ्या दोघीजणी आहेत. त्यांनी ऐकून ठेवावे.

बाहेर पडले तो पाऊस कोसळला. तिकडे त्या दिवसांत दुपारी असा पाऊस नेहमीचा. उंचवट्यावर एक पांढरी आठकोनी छत्री आहे, पूर्वी तेथे बँड वाजत असे, तिच्याखाली धावत गेले. तेथे एक म्हाताऱ्या चिनी बाई बसल्या होत्या. भाषा नाही. मी डबा उघडून लाडू पुढे केला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला. मग माझ्या मागे कोणी येते आहे का ते पाहिले, आणि एक बोट वर करून भुवया उंचावल्या. म्हणजे, एकटीच? मी मान हलवली. त्या खळखळून हसल्या आणि तेच बोट स्वतःच्या छातीवर ठेवले. दीड तास आम्ही शेजारी बसलो. मधून मधून त्या काही तरी बोलत, मी मराठीत उत्तर देई. छान गप्पा झाल्या.

आता माझे खोटे सांगते. घरी मी सांगितले, की पावसात अडकले, म्हणून खरेदी राहिली. पाऊस अडीच वाजताच थांबला होता. त्या बाई गेल्या. मी ठरवले असते तर तीनला दुकानात पोचले असते. पण तेथून जवळच ‘टेंबुसू’ म्हणून एक झाड आहे, बागेच्याही आधीचे, दीडशे वर्षांहून जुने. त्याची एक फांदी जमिनीलगत आडवी लांबच लांब गेली आहे. आता भोवती कुंपण घातले आहे. सिंगापूरच्या पाच डॉलरच्या हिरव्या नोटेच्या मागे तेच झाड छापलेले आहे, असे लॉजच्या मॅनेजरांनी सांगितले होते. मी नोट काढली आणि ताडून पाहिली. फांदी न् फांदी बरोबर! मग ओल्या बाकावर पिशवी पसरून तेथेच बसले. काही केले नाही. कोणाची वाट पाहिली नाही, कोणाचे जेवण व्हायचे होते असेही नाही. तासभर तरी बसले असेन. वहिनी असत्या तर दोघी बसलो असतो, एवढे मात्र सारखे मनात येत होते.

परतताना दुकानात शिरले तेव्हा हातात वेळही नव्हता आणि पैसाही. १३ डॉलरांत तेलाच्या चार बाटल्या आल्या. नणंदबाई, तुमची बाटली त्यातलीच. बाकीच्यांनी मला माफ करावे. विजेरी मी इथल्याच बाजारातून आणून दिली, हे काकूंनी तेव्हाच ओळखले असावे, पण त्या बोलल्या नाहीत.

पुढचे भराभर झाले. बॅग घेतली, १२ नंबरहून निळ्या गाडीत बसले ते थेट ३५ नंबरला उतरले. तेथून गाडी बदलली आणि पुढचेच स्टेशन विमानतळ. विमानतळालगत ४० मीटर उंचीवरून पडणारा एक धबधबा छपराखाली केला आहे, तो उभ्याउभ्या पाहिला. बाहेर पडताना पासपोर्टावर शिक्का मिळेल, मुलांना दाखवता येईल, म्हणून मी पान उघडूनच धरले होते. पण तिकडे आता शिक्के मारीत नाहीत. यंत्राने माझा चेहरा पाहिला आणि फाटक उघडले. पान कोरेच राहिले.

आपल्या आणि तिकडच्या घड्याळात अडीच तासांचा फरक आहे, त्यामुळे साडेपाच तासांचा प्रवास करूनही अकराच्या सुमारास मुंबईत उतरले. हे न्यायला आले होते. “दमलीस?” म्हणाले. मी “नाही” म्हटले. गाडीत बसल्यावर म्हणाले, “गाळणी सापडली.”

पाच डॉलरची ती नोट मोडली नव्हती. ती दुसऱ्या दिवशी वहिनींना दिली. त्यांनी झाड उलटेसुलटे करून पाहिले आणि तांदळाच्या डब्यात ठेवून दिली. त्यांच्या सासूबाई आता काठी घेऊन फिरतात, समोर दुसऱ्या रांगेत बसल्याच आहेत. आज वहिनींनी नोट माझ्याजवळ आणून दिली आहे, तुम्हाला दाखवायला. मी ती पहिल्या रांगेपासून फिरवते. कडेकडेने धरा, तिळगुळाचे हात लावू नका, आणि सगळ्यांची पाहून झाली की वहिनींच्या हातात द्या. ती खर्च करायची आहे, असे त्या म्हणतात.